रायफल उत्तम, तरी स्कोअर अडलाय? एअर रायफलवाल्यांनो, या चुका टाळा

सात वर्षं मी जी रायफल वापरली ती मला मानवत नव्हती, आणि हे कळायलाच त्यातली पाच गेली. जर्मन बनावटीची, १० मीटरसाठीची, एका सीनिअरकडून सेकंड हँड घेतलेली. नळी निर्दोष, ट्रिगर लोण्यासारखा. वाईसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळून पाच छर्रे मारले की कागदावर एकच भोक दिसायचं. तरी ६० शॉटचा माझा स्कोअर ६०५ ते ६१२ च्या पलीकडे जायचं नाव घेईना. रायफल इतकी चांगली म्हटल्यावर खोट माझ्यातच असणार, हे मी धरूनच चालले होते. रेंजवर आजही अशी मुलं-मुली दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी या खेळात चुकीला जागा किती कमी आहे ते बघा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. तिथून पुढे दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. म्हणजे तुमचे शॉट सरासरी अर्धा मिलिमीटर जरी जास्त सरकले, तरी दर शॉटला ०.२ आणि ६० शॉटला १२ गुण गेले. ६२० ची शूटर ६०८ वर येते. अर्धा मिलिमीटर सरकायला रायफल खराब असावी लागत नाही. मान किंचित वाकडी असली तरी पुरतं.

पदक बघून रायफल घेऊ नका

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला ब्राँझ जिंकलं, तेव्हा आमच्या कोल्हापुरात घरोघरी पेढे वाटले गेले. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "स्वप्नील कुठल्या कंपनीची वापरतो?" त्यांचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), म्हणजे काडतुसाच्या पॉइंट टू टू रायफलचं. एअर रायफलचा हिशोबच वेगळा. बरं, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटरचं जागतिक विजेतेपद मिळवलं, त्याची रायफल बघून घेतली तरी तीच चूक होते. त्याचा हात, त्याची कंबर, त्याचा होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरण्याची ढब, तुमच्याकडे नाही.

फाइनवर्कबाउ, वाल्थर, आनशुट्झ, स्टायर : या कंपन्यांच्या मॅच रायफलींच्या नळीत उजवं-डावं करण्यासारखं फार काही नसतं. तुमच्या-माझ्या पातळीवर तर नाहीच. फरक असतो वजन कुठे आहे यात, बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) किती खाली-वर होतो यात, ग्रिप तळहातात कशी बसते यात. दुकानात किंवा सीनिअरच्या घरी रायफल दोन मिनिटं उचलून यातलं काहीही समजत नाही. शूटिंगचं जॅकेट घालून निदान ४० शॉट मारल्याशिवाय पैसे देऊ नका. एखादा मालक तेवढं करू देत नसेल, तर दुसरी रायफल शोधा.

आपली पद्धत ओळखण्याआधी दोष ट्रिगरला देऊ नका

माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं, म्हणून इथे जरा थांबते.

शूटिंगच्या पद्धती ढोबळमानाने दोन. काही जण रायफल खाली आणतात, स्थिर करतात, वाट बघतात आणि मग सोडतात. काही जण टार्गेटचा मोठा काळा ठिपका पुढच्या साईटच्या रिंगमध्ये आला आणि हालचाल मंदावली की लगेच सोडतात. दोन्ही पद्धतींचे मोठे शूटर झालेत. मी दुसऱ्या प्रकारातली. श्वास सोडल्यावर चार-पाच सेकंदांत माझा शॉट जातो. सातव्या-आठव्या सेकंदाला माझ्या मांड्या थरथरायला लागतात.

माझी रायफल पुढून जड होती. नळीवर वजनं लावलेली, हवेचा सिलिंडर लांब, सगळा भार डाव्या हाताच्या पुढे. अशी रायफल हलते कमी, पण स्थिरावायला वेळ घेते. शांतपणे थांबणाऱ्याला ती वरदान आहे. मी मात्र ती वरून खाली येत असतानाच, पुरती थांबायच्या आधी शॉट सोडत होते. त्यामुळे माझे खराब शॉट सगळे वर जायचे, घड्याळात बारा ते एकच्या मध्ये. कोचना वाटलं मी ट्रिगर झटकते. मलाही पटलं. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता सराव, केला. ट्रिगर सुधारला, शॉट मात्र बाराला जायचे ते जातच राहिले.

एकदा सरावाच्या दिवशी माझ्या सिलिंडरचं सील गळायला लागलं. शेजारच्या मुलीने तिची रायफल दिली. हलकी, भार मागे. माझ्या मापाची नव्हतीच ती, गालसुद्धा नीट बसत नव्हता. पहिले दहा शॉट १०४.१. एकही शॉट बाराला नाही. त्या दिवशी रेंजच्या पायरीवर बसून मी डबा न खाता वही चाळत होते. पाच वर्षांच्या नोंदी हातात होत्या, आणि उत्तर पानोपानी होतं.

तुम्ही हे एका आठवड्यात शोधू शकता. मित्राच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच द्या. गाल टेकल्यापासून शॉट जाईपर्यंतचे सेकंद, ४० शॉटचे, लिहून काढायला सांगा. शेजारी प्रत्येक शॉट घड्याळातल्या कितव्या आकड्याच्या दिशेला गेला तेही लिहा. तुमचे चांगले शॉट कितव्या सेकंदाचे आहेत ते बघा. ती तुमची खरी वेळ. मग रायफल त्या वेळेला थांबलेली असते का, एवढंच तपासायचं. थांबत नसेल तर नळीवरची वजनं काढा किंवा मागे सरकवा. उलट, तुम्ही सावकाश सोडणारे असाल आणि रिंग ठिपक्याभोवती माशीसारखी भिरभिरत असेल, तर पुढे थोडं वजन वाढवून बघा. फक्त साईटसकट एकूण वजन ५.५ किलोच्या वर जाऊ देऊ नका, स्पर्धेच्या तपासणीत अडेल.

शरीर रायफलीच्या मापाचं करू नका

दोन वर्षांपूर्वी शिरोळकडचे एक शेतकरी दादा चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. सोसायटीचं कर्ज काढून मोठी रायफल घेतली होती. केस उघडली तर आत रायफलीवर घरातली चादर नीट घडी करून पांघरलेली. म्हणाले, "ताई, पोरीला झेपंना झालीया. बदलावी लागंल का?"

मी तिला पोझिशन घ्यायला सांगितलं आणि बाजूला उभी राहिले. मान खाली झुकलेली, डोळा भुवईच्या खालून वर बघतोय. मानेची शीर ताणलेली. बोटाचं फक्त टोक ट्रिगरला पोचत होतं. डावं कोपर कमरेच्या हाडाला टेकायला हवं, ते चार बोटं वर तरंगत होतं. म्हणजे सगळा भार दंडावर. दहा शॉटनंतर गाल बघितला, तर हाडाच्या खाली लाल वळ. साधा हिशोब करा : रायफल साडेचार किलो, स्पर्धेचे ६० शॉट, साईटर (आधीचे बिनगुणांचे शॉट) आणि सोडून दिलेले होल्ड धरून नव्वद वेळा उचलायची. चारशे किलो झाले, दीड तासात, ४२ किलोच्या मुलीने.

"दादा, एक तास द्या मला," म्हटलं.

अॅलन की घेतली. बटची लांबी कमी केली, तेव्हा बोटाच्या टोकाकडच्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सरळ बसला. बट प्लेट दोन खुणा खाली घेतली, म्हणजे रायफल खांद्यापासून वर आली. डाव्या हातावर टेकणारा रायफलीखालचा ठोकळा (रायझर) उंच केला, कोपर कमरेवर आलं. सगळ्यात शेवटी गालाखालची पट्टी, म्हणजे चीक पीस. हा क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण चीक पीसपासून सुरुवात करतात आणि मग खालचं काही हललं की पुन्हा सगळं बिघडतं. रायफल डोळ्यापर्यंत आली पाहिजे. डोळा रायफलीपर्यंत नेला की मान जाते, आणि मान गेली की तोलही जातो, कारण तोल सांभाळणारं यंत्र कानातच आहे.

तपासायची रीत सोपी. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. डायऑप्टरचं (डोळ्याजवळच्या मागच्या साईटचं) भोक गोल दिसलं आणि रिंग मध्ये असली तर मापं बरोबर. भोक एका बाजूने काळं झालं असेल तर पट्टी किंवा साईट हलवा, डोकं नाही. रिंग ठिपक्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे थांबली असेल तर पाय हलवा. हाताने ढकलून मध्ये आणलेली रायफल शॉट सुटताना जिथून आली तिथे परत जाते.

ती मुलगी अजून त्याच रायफलीवर आहे. तिच्या केसच्या झाकणावर आतून कागद चिकटवलाय : बट ४, चीक ७, रायझर ३, तारीख. तुम्हीही असा कागद लावा. मापं न लिहिता स्क्रू फिरवणाऱ्यांना मी अक्षरशः रडताना बघितलंय, कारण महिन्याभरापूर्वी जी पोझिशन जमली होती ती पुन्हा सापडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान तीन दिवस तशीच ठेवा. स्पर्धेच्या आठवड्यात तर पान्याला हातही लावू नका.

ट्रिगर, रिंग, डोळा

ट्रिगर फार हलका करणं ही नवशिक्यांची हौस. थंडीत सकाळी बोटं बधिर असताना असा ट्रिगर नको तेव्हा सुटतो आणि मग मनात भीती बसते. ट्रिगरच्या पहिल्या टप्प्यावर, शॉट सुटायच्या आधी जिथे तो अडतो तिथे, बोट निवांत टेकता आलं पाहिजे, तेवढं वजन ठेवा.

पुढच्या साईटची रिंग बारीक असली की नेम बारीक होतो, हा गैरसमज. काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो. त्याच्याभोवती पांढरी पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. रिंग घट्ट असेल तर ठिपका सतत कडेला घासतोय असं वाटतं, तुम्ही थांबत राहता आणि होल्ड लांबतो. मोठी रिंग लावून एक आठवडा मारून बघा.

उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ असतो. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून लांबच्या दिव्याकडे बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा त्रिकोणातच राहतो तो तुमचा. नेमाचा डोळा सोडून दुसरा निघाला तर त्याच्यापुढे ब्लाइंडर (आडपट्टी) लावा. वय लहान असेल तर डाव्या हाताची रायफल वापरून बघायला हरकत नाही. पण हे रायफल विकत घ्यायच्या आधी बघायचं असतं.

स्प्रिंगची बंदूक आवळून धरू नका

शाळेच्या ओपन साईट स्पर्धेसाठी किंवा घरच्या सरावासाठी नळी खाली वाकवून छर्रा भरायची स्प्रिंगची बंदूक घेणाऱ्यांची तक्रार वेगळी असते : "वस्तू मजबूत आहे, पण कधी इथे लागतं, कधी तिथे." यात आतला पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बंदूक हलते. ते हलणं दर वेळी सारखं असलं की छर्रे एका जागी पडतात. तुमची सवय घट्ट पकडायची असेल, तर दर शॉटला पकड थोडी बदलते आणि गट फुटतो. डावा तळवा उघडा ठेवा, बंदूक त्यावर नुसती टेकवा, दर वेळी त्याच जागी. खांद्यातही दाबू नका. लाकडाच्या पट्टीवर पेन्सिलने खूण करून ठेवली की हात चुकत नाही. जमत नसेल, तर तुमच्या पकडीला हवेच्या सिलिंडरची बंदूक जास्त मानवेल. आणि स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा न घालता ट्रिगर ओढू नका, पिस्टन आत आपटतो.

विकायची वेळ कधी?

आधी रायफल निर्दोष आहे का ते वेगळं तपासा. वाईसमध्ये आवळून ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा तिन्ही मापांचे छर्रे मारून बघा. एखादं माप तिला आवडतं, एखादं नाही. चांगल्या मापाचा गट घट्ट आला की नळीवर संशय घ्यायचं कारण संपलं. मग दोन-तीन महिने मापं आणि वजनं बदलून, नोंदी ठेवून सराव करा. एवढं करूनही तेच शॉट त्याच जागी जात असतील आणि दुसऱ्याच्या रायफलीवर ते नाहीसे होत असतील, तर मोकळ्या मनाने विका. मधल्या काळात महागडं जॅकेट, नवी ग्रिप, नवी साईट घेऊन पैसे घालवू नका. मी ग्रिपवर घालवले.

विकताना सिलिंडरवरची तारीख घेणाऱ्याला दाखवा. ओळखपत्राची प्रत घ्या, व्यवहार कागदावर लिहा. आयात सवलतीत आणलेली असेल तर विक्रीच्या अटी आधी वाचा. आणि ती तुम्हाला का मानवली नाही ते खरं सांगा. मी सांगितलं. वजनं काढून, बट आत घेऊन मी ६१५ पर्यंत पोचले होते, पण त्या रायफलीचा पुढचा भार आणखी मागे आणायला जागाच नव्हती. घेणारा सहा फुटी मुलगा, लांब हातांचा, दहाव्या सेकंदाला शॉट सोडणारा. मी काढून पिशवीत ठेवलेली वजनं त्याने पहिल्याच दिवशी मागून घेतली आणि सगळी परत नळीवर चढवली.