कपल डेटासेट मोठा करायचाय? आधी पीक वापर बघा

कोल्हापुरात बसून अमेरिकेतलं मेनफ्रेम सांभाळणाऱ्यांना रविवारची चेंज विंडो, म्हणजे बदल करायची ठरलेली वेळ, ठाऊक असते. न्यूयॉर्कचे पहाटेचे २ म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात सकाळचे ११:३०, हिवाळ्यात दुपारचे १२:३०. तांबडा-पांढरा त्या दिवशी उशिराच.

सिस्प्लेक्स म्हणजे एकत्र चालणाऱ्या मेनफ्रेम सिस्टिमचा गट. या गटाची स्थिती कपल डेटासेट या डिस्कवरच्या फाइलमध्ये राहते; वापरातली ती प्रायमरी, जोडीची प्रत ती अल्टरनेट. ती सांभाळतो एक्ससीएफ, सिस्टिमना आपसांत जोडणारा भाग. सुरुवात ‘डी एक्ससीएफ,कपल’ या कमांडने करा. मॅक्सग्रुप (जास्तीत जास्त ग्रुप) आणि मॅक्समेंबर (एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त मेंबर) यांच्या आकड्यापुढे कंसात पीक दिसतं, म्हणजे आजवरचा सर्वाधिक वापर. नवा आकडा त्याच्या थोडा वर धरा. चार सिस्टिम असताना मॅक्ससिस्टम (जास्तीत जास्त सिस्टिम) ३२ द्यायचा मोह नको. डेटासेट उगाच फुगतो, आणि खरी अडचण पुढे येते: चालू सिस्प्लेक्समध्ये मोठ्यावरून लहानावर येता येत नाही. त्यासाठी सगळ्या सिस्टिम खाली घेऊन आयपीएल, म्हणजे नव्याने बूट, करावं लागतं.

फॉरमॅटसाठी आयएक्ससीएल१डीएसयू हा प्रोग्रॅम चालवा. त्याच्या डिफाइनडीएस या स्टेटमेंटमध्ये सिस्प्लेक्सचं नाव, मॅक्ससिस्टम, डीएसएन (डेटासेटचं नाव), व्हॉलसर (डिस्क व्हॉल्यूमचं नाव). खाली डेटा टाइप सिस्प्लेक्स आणि ग्रुप, मेंबर यांचे आकडे. डेटासेट हा प्रोग्रॅम स्वतःच तयार करतो. त्याच नावाचा जुना त्या व्हॉल्यूमवर असेल तर जॉब पडतो.

व्हॉल्यूम निवडताना घाई नको. प्रायमरी आणि अल्टरनेट वेगळ्या व्हॉल्यूमवर, जमल्यास वेगळ्या कंट्रोल युनिटवर (डिस्कचा कंट्रोलर). मेमरीची पानं ठेवणारे पेज डेटासेट शेजारी नको. ज्या व्हॉल्यूमचा रिझर्व्ह (इतर सिस्टिमना अडवणारं कुलूप) घेऊन पूर्ण बॅकअप होतो, तोही नको. तेवढा वेळ एक्ससीएफचं आय/ओ खोळंबतं आणि धडधाकट सिस्टिम मेल्यासारखी दिसते.

आता ‘सेटएक्ससीएफ कपल,अकपल’ देऊन नवा डेटासेट अल्टरनेट करा. आयएक्ससी२५१आय हा मेसेज आला की तो जोडला गेला. आयएक्ससी२५५आय आला तर कारण त्यातच लिहिलेलं असतं. बहुतेकदा कुठला तरी आकडा प्रायमरीपेक्षा कमी पडलेला असतो. मग ‘सेटएक्ससीएफ कपल,पीस्विच’. अल्टरनेट प्रायमरी होतो आणि अल्टरनेटची जागा रिकामी पडते. इथे जेवायला उठू नका. या अवस्थेत प्रायमरी गेला तर सिस्टिम ०ए२ वेट स्टेटमध्ये जातात, म्हणजे थांबतात. म्हणून दुसरा डेटासेट आधीच फॉरमॅट करून ठेवा आणि पीस्विचपाठोपाठ अकपल द्या.

पावसात लाईट गेली, व्हीपीएन तुटलं, तरी दिलेली कमांड तिकडे पूर्ण होतेच. परत आल्यावर ती पुन्हा मारण्याआधी ‘डी एक्ससीएफ,कपल’ बघा.

शेवटी पार्मलिब या सिस्टिमच्या सेटिंगच्या लायब्ररीतल्या कपल मेंबरमध्ये पीकपल (प्रायमरी) आणि अकपल (अल्टरनेट) यांची नवी नावं घाला. हे राहिलं तर चूक आज दिसत नाही, पुढच्या आयपीएलला दिसते, आणि तेव्हा शिफ्टला भलताच कोणीतरी असतो.