फराळाचा डबा आणि आटकरवाडीचा चढ

डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या पायवाटांवर पळायला लागले त्याला आता सहा वर्षं झाली. आमच्या पुण्यातल्या बायकांच्या गटात नवीन कुणी आली की आधी बुटांबद्दल विचारते, मग हेडटॉर्चबद्दल. आणि दसरा झाला की प्रत्येकीचा प्रश्न ठरलेला: "दिवाळीत काय करायचं गं खाण्याचं?" तिला खरं विचारायचं असतं ते काय टाळायचं हे. पहिल्या वर्षी मी सगळंच टाळलं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

सिंहगड-राजगड-तोरणा ही गडांवरची शर्यत डिसेंबरात असते. त्यामुळे तयारीचे सगळ्यात जड आठवडे नेमके दिवाळीच्या आगेमागे येतात. मी सर्वांत छोट्या अंतराला नाव दिलं होतं आणि मनाशी ठरवलं होतं, यंदा फराळाला हात लावायचा नाही. आईने भाजणी दळून आणली, चकल्या झाल्या, मी काकडी खात बसले. भाऊबीजेला भावाने भरवायला पुढे केलेला बेसनाचा लाडूसुद्धा मी हातात घेऊन ताटात ठेवला. त्याचा चेहरा अजून आठवतो.

पुढच्या रविवारी पायथ्याच्या आटकरवाडीतून सिंहगड. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास वाट, चढ साधारण सहाशे मीटरचा. निम्म्यावर माझे पाय कापायला लागले, कानात शिट्टी वाजली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मागून आमच्या गटातल्या एक काकू येत होत्या, तेव्हा साठीच्या जवळ आलेल्या. त्यांनी मला कातळावर बसवलं आणि पाठीवरच्या पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. "उपाशीपोटी डोंगर चढायचा नसतो गं. खा आधी." डब्यात शंकरपाळी होती आणि दोन अनारसे. घामाने खारटलेल्या बोटांना अनारशाची खसखस चिकटली होती, तीसुद्धा मी चाटून खाल्ली. दहा मिनिटांनी उभी राहिले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पाळी येते ना वेळेवर?"

तीन महिने आली नव्हती. मला वाटायचं, सराव चांगला चालल्याची ती खूण आहे.

नव्या मुलींनो, हे एवढं तरी लक्षात ठेवा. शरीराला जितकं खर्चायला लावता तितकं त्याला दिलं नाही, तर ते एकेक काम बंद करत जातं. पाळी थांबते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, झोप बिघडते, साधी दुखापत भरून येत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला नाव दिलं, धावणाऱ्यांत ते 'रेड-एस' म्हणून ओळखलं जातं, म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट. पाळी लांबत गेली तर 'पळतेय म्हणून असेल' असं म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. माझी परत नियमित व्हायला पाच महिने लागले, आणि उपाय होता पोटभर जेवण.

आता फराळाकडे. चकली, कडबोळी, शेव तळलेली. तेल-तूप पचायला वेळ घेतं, म्हणून पळायच्या आधीच्या दोन-तीन तासांत ती नको, पोटात गोळा येतो. परत आल्यावर जेवणाबरोबर खुशाल खा. दीड-दोन तासांच्या पळण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. त्यासाठी मी खजूर, गुळाचा खडा आणि मूठभर शंकरपाळी नेते. शंकरपाळीत तूप असतं, म्हणून चढाला लागण्याआधी सपाटीवर एकेक चावून खाते, वर दोन घोट पाणी. लाडू खिशात फुटतो, चिवडा वाऱ्यावर जातो, ते गडावर पोचल्यावर. होळीला लांब पल्ला असेल तर आदल्या रात्री पुरणपोळी आणि कटाची आमटी: डाळ, गूळ, गहू, मीठ, पाणी, सगळं एका ताटात. यापेक्षा चांगलं धावपटूचं जेवण मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि खाल्लेलं 'जाळायला' जादा किलोमीटर पळू नका. त्या हिशेबाने सणही जातो आणि गुडघेही.

आपल्याकडे दिवाळीत बायका थकतात त्या फराळ खाऊन नाही, करून. रात्री बारापर्यंत कढईपुढे उभं राहायचं, साडेचारचा गजर लावायचा आणि सुट्या मातीच्या घसरड्या उतारावरून उतरायला जायचं, हे धोक्याचं आहे. पाऊस नुकताच संपलेला असतो, मुरूम सुटा असतो, पेंगुळलेला पाय सरकतोच. त्या आठवड्यात एक लांब पळणं सरळ रद्द करा. चार तास तळणीपुढे उभं राहणं हेही पायांवरचं ओझंच आहे, सरावाच्या वहीत ते लिहा. आणि घरातल्या पुरुषांना झारा हातात द्या. आमच्याकडे आता चकल्या भाऊ तळतो.

गटाचे नियम थोडे आहेत. अंधारात एकटी निघायचं नाही. सगळ्यात हळू येणारीच्या मागे एक जुनी बाई कायम राहते, वाटेचे फाटे आले की सगळ्या थांबतात. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून खाली परत आणायचं. कुणाचं वजन, कुणाचं पोट, कुणाच्या मांड्या यावर बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. हा नियम काकूंनी घातला, त्या कातळावरच्या सकाळनंतर.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्ही वेताळ टेकडीवर जमतो. पहाटे साडेपाचला निघून, खाणीला वळसा घालून, उजाडता उजाडता वेताळाच्या देवळापाशी. तिथे वर्तमानपत्र पसरून सगळ्यांचे डबे उघडतात. पहिल्यांदा येत असाल तर घरचा एकच जिन्नस आणा, आणि स्टीलच्या डब्यात आणा. पिशवीत चकलीचा चुरा होतो.