गोळी गिळल्यावर पुढं काय होतं, राजाराम बंधाऱ्याच्या हिशोबात

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोजचा प्रश्न, "दादा, जेवणाआधी का नंतर?" मी सांगतो, गिऱ्हाईक मान हलवतं आणि घरी जाऊन आपल्या सोयीनंच घेतं. त्यांची तरी काय चूक, का ते कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून जरा सविस्तर टाकतोय.

पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर काय बघत बसतं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. आणि उन्हाळ्यात हीच पंचगंगा आटली की काठावरचे पंप उघडे पडतात. रक्तातल्या औषधाचं पण असंच असतंय बघा. पातळी फार खाली असेल तर गोळी घेऊन न घेतल्यासारखी, धोक्याच्या वर गेली की तेच औषध त्रास द्यायला लागतं. गोळीची वेळ, डोस, आधी-नंतर हा सगळा खटाटोप पातळी त्या दोन रेघांच्या मध्ये ठेवायला.

आता पाणी आत येतं कुठनं? गोळी पोटात विरघळते, पण बऱ्याचशा गोळ्या रक्तात शिरतात त्या पुढं लहान आतड्यातनं. तिथं त्या वेळी सोबत आणखी काय आहे यावर सगळं ठरतं. एक पैलवान पोरगा सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेऊन गेला आणि गंगावेशीत म्हशीच्या ताज्या धारोष्ण दुधाबरोबर गोळी मारली, वर मला सांगतोय ताकद येते म्हणून. अरे भावा, दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला चिकटून बसतं, निम्मीअर्धी गोळी आतड्यातनं तशीच पुढं जाते. दूध पी की, पण गोळीनंतर दोन-एक तासांनी. लोहाच्या गोळीवर चहा मारणाऱ्यांचंही तेच, लोह आत जायचं कमी होतं. थायरॉईडची थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, नाष्टा अर्ध्या-एक तासानं, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात चार तासांचं अंतर. याउलट डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर शक्यतो काहीतरी खाऊनच, नाहीतर पोट पेटतं.

आतड्यातनं निघालेलं रक्त थेट अंगभर जात नाही, आधी लिव्हरमधनं जातं. कोल्हापूरकरांनी आंदोलन करून शहरातला टोल घालवला, पण हा टोलनाका कुणाला हटवता आलेला नाही. काही औषधांचा तर इथंच इतका टोल कापला जातो की पुढं फारच थोडं पोचतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी असते ना, ती जिभेखाली एवढ्याचसाठी, तिथनं ती सरळ रक्तात जाते, बायपास मारल्यासारखी. गिळली की गेली टोलनाक्यावर. घरात कुणाला ती दिलेली असेल तर आजच त्यांना विचारा कशी घेता, निम्मे लोक गिळतात असा माझा अनुभव आहे.

मग रक्ताबरोबर औषध सगळीकडं पसरतं. सर्दीच्या जुन्या पिढीतल्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात म्हणून झोप येते, त्या घेऊन हायवेला गाडी चालवू नका, एवढं पुरे.

आता बाहेर जाणं, खरी गंमत इथंच आहे. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक साधारण तासाभरात निम्मं, म्हणून ते दिवसातनं तीनदा देतात. पॅरासिटामॉलला दोन-तीन तास. ब्लडप्रेशरची अम्लोडिपिन मात्र 30 ते 50 तास घेते, म्हणून रोज एकच. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, असं पाचदा झालं की तीनच उरतात, म्हणजे औषध जवळपास संपलं. आणि चढताना पण तेवढाच वेळ लागतो. म्हणून अम्लोडिपिन चालू करून दोन दिवसांत "बीपी उतरंना, गोळी बदला" म्हणून भांडायला येऊ नका, पातळी जमायलाच आठवडाभर जातो. तसंच एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन मारायच्या नाहीत.

नावापुढं एसआर, ईआर असलं काही लिहिलेली गोळी गिळताना त्रास होतो म्हणून कुटून देणारी मंडळी आहेत, विशेष करून म्हाताऱ्या माणसांना, प्रेमानं. ती गोळी दिवसभर थोडं थोडं औषध सोडायला बनवलेली असते. कुटली म्हणजे राधानगरी धरणाचे सातही दरवाजे एकदम उघडले, खाली काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगून पातळ औषध मागा.

2019 ला आणि 2021 ला आपण फुगवटा हा शब्द पाठ केला. पुढं कृष्णा तुंबली की पंचगंगेचं पाणी निघंना. किडनी कमजोर असलेल्या माणसाचं तसंच होतं. शुगरची मेटफॉर्मिन लघवीवाटेच बाहेर जाते, किडनी दमली असेल तर नेहमीच्याच डोसात पातळी चढत जाते, गोळी एकही जास्त घेतलेली नसताना. म्हणून शुगरवाल्यांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा, रिपोर्ट दरवेळी डॉक्टरांना दाखवायचा आणि मनानं पेनकिलर खायच्या नाहीत, त्या किडनीलाच मारतात.

लिव्हरचंही सांभाळायला लागतं. पॅरासिटामॉल धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या आठ गोळ्या, दारू पिणाऱ्याला किंवा लिव्हरच्या पेशंटला त्याहून कमी. आणि सर्दीच्या पाकिटात पण बहुतेक वेळा तेच असतं. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी अशी तिन्ही घेणारे रोज भेटतात. तिन्ही पाकिटं काउंटरवर उलटी ठेवा, मागचं बारीक अक्षर मी वाचून दाखवतो.