ताकदीची गोळी आणि मटकीतला सोडा : बी-वनच्या बाबतीत या चुका टाळा

"अंगात दमच न्हाई, ताकदीच्या गोळ्या द्या की!" कोल्हापुरातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये हे ऐकू येतं आणि बी-कॉम्प्लेक्सची, म्हणजे बी-वनसकट बी गटातल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची, पट्टी पुढे सरकते.

गोळीत ताकद असते, ही पहिली चूक. ताकद येते भाकरी, भात, गूळ, तेल-तुपातून. या अन्नातून मिळणाऱ्या ग्लुकोज साखरेचा एक रेणू फुटून पायरुव्हेट या पदार्थाचे दोन रेणू होतात, तेव्हा पेशीच्या पदरात पडतात जेमतेम २ एटीपी (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन). खरी कमाई पुढे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात होते, सगळी मिळून ३० ते ३२ एटीपी. त्या वाटेवरचं पायरुव्हेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) थायमिन पायरोफॉस्फेट या जोडीदाराशिवाय चालत नाही. हा जोडीदार, म्हणजे को-एन्झाइम, शरीर बनवतं ते बी-वनपासून, म्हणजेच थायमिनपासून. ते कमी पडलं की पायरुव्हेट पुढच्या कमाईकडे न जाता त्याचं लॅक्टेट होत राहतं. पोट भरलेलं, पण अंगात जीव नाही.

कमतरता असेल तर गोळी झकास लागू पडते. नसेल तर जादाचं थायमिन लघवीवाटे जातं. (लघवी पिवळीधमक झाली म्हणजे गोळी लागली, असं समजू नका. तो रंग गोळीतल्या बी-टू जीवनसत्त्वाचा!) थकवा हटत नसेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर तपासा.

मिसळीची मटकी लवकर शिजावी म्हणून कुकरात सोडा टाकणं मला तरी अजिबात पटत नाही. अल्कली आणि उष्णता एकत्र आली की थायमिन नासतं, आणि मोड आलेल्या मटकीला सोडा लागतो कशाला? तिचं शिजलेलं पाणी कटात ओता. तांदूळही चार-पाच पाण्यांतून चोळू नका, पेज मोरीत घालवू नका. थायमिन पाण्यात विरघळतं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ असला तरी पांढराशुभ्र पॉलिश केला की कोंड्याबरोबर बी-वन गेलंच.

तालमीतल्या पोरांनी दूध-तुपावर भिस्त ठेवून डाळी, शेंगदाणे विसरू नयेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीत बैठ्या कामाच्या पुरुषाला दिवसाला १.४ मिलिग्रॅम थायमिन सांगितलंय, तर अंगमेहनतीच्या कामाला २.३. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो.

सगळ्यात घातक चूक सलाईनची. दारूपायी दिवसेंदिवस पोटात अन्न नसलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते : डोळे थरथरतात, तोल जातो, भान हरपतं. घरच्यांनी अब्रूपायी दारूची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. ती कळली तर ते थायमिनचं इंजेक्शन आधी देतात.