स्कीचा पास गणपतीतच काढा: मुंबईहून डेन्व्हरला आलेल्यांसाठी

डेन्व्हरच्या ऑफिसात पहिल्याच हिवाळ्यात हमखास प्रश्न येतो, "यंदा कुठला, एपिक की आयकॉन?" आयुष्यभर लोकलच्या पासापलीकडे पास न पाहिलेल्या माणसाला वाटतं, जाऊ एखाद्या शनिवारी, तिकीट तिथेच काढू. खिसा कापला जातो तो इथेच. व्हेल या मोठ्या स्की रिसॉर्टला (उच्चार माशासारखाच, नातं काही नाही) गर्दीच्या दिवशी एका माणसाचं एका दिवसाचं लिफ्टचं, म्हणजे डोंगरावर चढवणाऱ्या पाळण्याचं, तिकीट आता ३०० डॉलरच्या वर गेलंय. नवरा-बायको दोघं, भाड्याच्या स्की आणि बूट, पार्किंग, दोन बर्गर आणि दोन कप कोको एवढं धरलं तरी दिवसाचे आठशे-नऊशे डॉलर होतात. त्याचे रुपये करायला जाऊ नका, झोप उडेल.

पण इथे राहणाऱ्यानं ही किंमत मोजायचीच नसते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादरच्या खिडकीवर जाऊन कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मागावं, तसं ते आहे. २००८ साली व्हेल रिसॉर्ट्स कंपनीनं ५७९ डॉलरला एपिक पास आणला, कंपनीच्या डोंगरांवर मोसमभर चालणारा. तेव्हा व्हेलचं दिवसाचं तिकीट शंभराच्या आसपास होतं, म्हणजे पास वसूल व्हायला सहा दिवस लागायचे. २०२५-२६ च्या मोसमाचा तोच पास सुरुवातीला १,०५१ डॉलरला निघाला आणि गर्दीच्या दिवसांच्या तिकिटांशी ताडलं तर तो चार दिवसांत वसूल होतो. पास दुपटीच्या आत राहिला, तिकीट तिपटीच्या पुढे गेलं. हे आपोआप घडलेलं नाही. बर्फ पडो न पडो, कंपनीला पैसे उन्हाळ्यातच हातात हवे असतात, आणि तिकीट जितकं महाग तितका पास स्वस्त वाटतो. २०१८ मध्ये अल्टेरा कंपनीचा आयकॉन पास आला (२०२५-२६ ला सुरुवातीची किंमत १,३२९ डॉलर) आणि मग मोठे डोंगर एकेक करून या दोघांपैकी कुणाच्या तरी पदरात पडत गेले. अरापाहो बेसिनसारखा जुन्या वळणाचा डोंगरही २०२४ मध्ये अल्टेरानं घेतला. खर्च वाढले नाहीत असं नाही. कृत्रिम बर्फ, सहा-सहा माणसं नेणाऱ्या नव्या लिफ्ट, कामगारांचे पगार, सगळंच वाढलंय. तरी खिडकीवरचा तो आकडा खर्चातून थोडा आणि पास खपवण्याच्या गरजेतून जास्त आलाय, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा स्की किती महाग पडणार हे तुम्ही कुठे जाता यापेक्षा कधी ठरवता यावर अवलंबून. पास मार्चमध्ये विक्रीला येतात. मेच्या अखेरीस मेमोरियल डेच्या सुमारास पहिली दरवाढ, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेच्या आसपास दुसरी, पुढे आणखी एखादी, आणि एपिकची विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद. लेबर डे आणि गणपती साधारण मागेपुढे येतात, म्हणून इथल्या मराठी घरांनी सोपी खूण ठेवावी: मखराचं सामान माळ्यावरून काढलं की पासाचं बघायचं. वसंतात एपिकवाले ४९ डॉलर घेऊन किंमत धरून ठेवतात, उरलेले पैसे सप्टेंबरात.

पहिल्याच वर्षी पूर्ण पास मात्र घेऊ नका. स्की आवडते की नाही, गुडघे काय म्हणतात, हे कळायला तीन-चार दिवस पुरतात. तोवर एपिक डे पास बघा. एक ते सात दिवसांचा घेता येतो. व्हेल, बीव्हर क्रीक आणि सणासुदीच्या तारखा वगळल्या की किंमत आणखी उतरते, आणि नवशिक्याला त्या दोघांची गरजही नसते. नियम इतकाच की तोही डिसेंबरमध्ये विक्री बंद होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. पुढे पूर्ण पासाकडे वळलात तर एपिक लोकल (एपिकचाच स्वस्त प्रकार) पुरेसा असतो: कीस्टोन आणि ब्रेकेनरिज हवे तितके दिवस, व्हेल आणि बीव्हर क्रीक दोन्ही मिळून दहा दिवस. नोकरी व्हिसावर टांगलेली असेल तर पासाबरोबर येणाऱ्या एपिक कव्हरेजच्या अटी नीट वाचा. दुखापत किंवा नोकरी गेल्यास ठरावीक अटींवर पैसे परत मिळण्याची सोय त्यात आहे. ती आपोआप लागू होत नाही, कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो.

नवशिक्यासाठी आमची खरी शिफारस मात्र दोन्ही कंपन्यांच्या बाहेरची आहे, लव्हलँड. डेन्व्हरहून आय-७० महामार्गानं तासाभरात येतो, आयसेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे, त्यामुळे बोगद्यातली कोंडी तुमच्या वाट्याला येत नाही. पार्किंग फुकट. लव्हलँड व्हॅली हा नवशिक्यांचा वेगळा भाग आहे, तिथे अंगावर सुसाट येणारे लोक नसतात. शरद ऋतूत ते चार तिकिटांचा जुडगा विकतात, त्याला फोर-पॅक म्हणतात. तो चार दिवस एकानं वापरा किंवा एका दिवशी चौघांनी, चालतं. तीन वेळा शिकवणी घेतली की मोसमभराचा पास देणारी योजनाही तिथे आहे. शिकवणी, भाड्याचं सामान आणि लिफ्ट असं एकत्र पॅकेज घ्या. ओळखीतला कुणी "मी शिकवतो" म्हणाला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. तो तुम्हाला निळ्या उतारावर नेऊन सोडेल आणि उरलेला दिवस तुम्ही बसून उतराल. हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. खुणा उताराच्या तोंडाशी फलकावर असतात, लिफ्टमध्ये बसण्याआधी नकाशात बघा वरून खाली हिरवी वाट येते का.

मुलं असतील तर आधी त्यांचं बघा, कारण खरी बचत तिथे आहे. एपिक स्कूलकिड्स योजनेत कोलोरॅडोत राहणाऱ्या बालवाडी ते पाचवीच्या मुलांना ठरावीक डोंगरांवर प्रत्येकी चार दिवस फुकट मिळतात. कोलोरॅडो स्की कंट्री या स्की रिसॉर्ट्सच्या संघटनेचा पासपोर्ट तिसरी ते सहावीसाठी, थोड्या फीमध्ये, आणि त्यात डोंगर जास्त. नोंदणी शरदातच उरकायची, राहण्याचा पुरावा आणि इयत्तेचा कागद जवळ ठेवायचा. मुलांचे बूट-स्की रोज भाड्यानं घेण्यात पैसे बुडतात. डेन्व्हरमधली दुकानं पूर्ण मोसमासाठी संच देतात, वाढत्या पायाला मध्येच बूट बदलूनही देतात. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तरच सगळी मापं मिळतात.

पास असलेला सहकारी गाठून ठेवा. २०२५-२६ पासून एपिकच्या पासधारकांना निम्म्या दराची मोजकी मित्र-तिकिटं मिळतात, आयकॉनवाल्यांकडेही सवलतीची कूपनं असतात. मागायला लाजू नका, बऱ्याच जणांची ती वापरावाचून वाया जातात.

आता सामान. भाडं डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यात महाग, शहरातल्या दुकानात बरंच कमी, आणि आदल्या संध्याकाळी सामान घरी आणता येतं. दुकानात एक फॉर्म भरावा लागतो: वजन, उंची, वय, आणि तुम्ही कसे स्की करता. वजन पौंडात लिहायचं, ७० किलो म्हणजे १५४ पौंड. इथे लाजून दहा किलो कमी लिहू नका आणि ऐटीत स्वतःला पटाईतही म्हणवू नका. या आकड्यांवरून बूट स्कीतून किती जोरानं सुटावा ते बाइंडिंगवर (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) लावतात. वजन कमी लिहिलंत तर साध्या वळणावर स्की निघून जाईल, पटाईत लिहिलंत तर पडताना निघणार नाही आणि गुडघा पिळला जाईल. "कसे स्की करता" या प्रश्नाला नवशिक्यानं फॉर्मवरचा पहिला, सावध स्की करणाऱ्यांचा प्रकार निवडायचा, न संकोचता.

बूट म्हणजे अर्धी लढाई. माप सेंटिमीटरमध्ये असतं, २६.५ वगैरे. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवून नडगी पुढच्या पट्ट्यावर दाबली की ती थोडी मागे सरकली पाहिजेत, आणि टाच उचलली जाता कामा नये. आपल्याकडच्या बुटांसारखे ऐसपैस वाटले तर ते मोठे आहेत. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडी म्हणून दोन घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची विजार बुटाच्या वर संपली पाहिजे, तिची घडी आत गेली की तासाभरात नडगीवर वळ उठतो. हेल्मेट भाड्यानं घ्या, चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा.

अजून मुंबईतच बॅगा भरत असाल तर दोन गोष्टी करा. चष्म्याचा जादा जोड घेऊन या, इथे तो फार महाग पडतो. आणि लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे दोन थर्मल जोड घ्या, सुती नकोत. सुती कपडा घामानं भिजतो आणि भिजलेला राहतो, जीन्स बर्फात पहिल्या पडण्यालाच ओली होते. मनाली सहलीसाठी घेतलेलं जाडजूड जॅकेट तिथेच ठेवा, ते पाणी अडवत नाही. बाहेरचं जॅकेट-पँट इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगलं मिळतं. आणि कुर्ल्याच्या मॉलमधल्या स्नो वर्ल्डला जाऊन आलात म्हणून सराव झाला असं समजू नका.

रस्त्याचं गणित लोणावळ्याच्या शनिवारसारखंच आहे. सकाळी सहाच्या आत निघालात तर रस्ता मोकळा, आठला निघालात तर घाटात गाड्यांची रांग. परतताना दुपारी दोन ते सहा टाळा. १ सप्टेंबर ते ३१ मे आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात टायरचा नियम लागू असतो: इंजिन दोनच चाकं फिरवतं अशा (टू-व्हील ड्राइव्ह) गाडीला बर्फाचे किंवा एम-एस (मड-स्नो) खुणेचे टायर, नक्षीची खोली निदान ३/१६ इंच, आणि गाडीत साखळ्या ठेवण्याचा सध्याचा नियम निघण्यापूर्वी बघून घ्या. भाड्याची गाडी घेताना हे कुणी सांगत नाही, टायरच्या बाजूवर खूण स्वतः वाचा. गाडी अडकून रस्ता बंद झाला तर दंड ५०० डॉलरच्या वर जातो. एवढं नको असेल तर शनिवार-रविवारी स्नोस्टँग नावाची सरकारी बस आहे, जाऊन-येऊन २५ डॉलर, लव्हलँड, ब्रेकेनरिज, कॉपर वगैरेंकडे जाते. विंटर पार्कला तर मोसमात डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून थेट डोंगराच्या पायथ्याशी आगगाडी जाते. मोफट बोगद्यातून जाणारा हा प्रवास कर्जतच्या पुढच्या घाटाची आठवण करून देतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना वर नेण्याची घाई नको. डेन्व्हर स्वतःच १,६०९ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आपण रोज भाजी आणायला जातो. लव्हलँडचा पायथा त्याच्या दुप्पट उंचीवर. बोरिवलीहून आलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथे डोकं दुखणं, धाप, झोप न लागणं हे सगळं होऊ शकतं. आठवडाभर शहरात राहू द्या, पाणी भरपूर, मग न्या. मळमळ किंवा झोकांड्या जायला लागल्या तर खाली उतरवणं हाच पहिला उपाय. त्यांचा मुंबईत काढलेला प्रवास विमा स्कीला लागू नसण्याचीच शक्यता जास्त, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत बघा. डोंगरावरून खाली स्की पेट्रोल घसरगाडीवरून आणतं, त्याचं बिल सहसा येत नाही. पुढच्या अँब्युलन्सचं येतं.

खाणं घरून न्या. पायथ्याच्या हॉलमध्ये डबा उघडायला बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते. पोळी-भाजीचा रोल फॉइलमध्ये गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला तर दुपारी मऊ निघतो. बाहेरच्या खिशातली शेंगदाण्याची चिक्की मात्र दगड होते, दाताचा डॉक्टर स्कीपेक्षा महाग आहे. राजगिऱ्याचा लाडू उत्तम. फोनही आतल्याच खिशात, थंडीत बॅटरी अचानक बसते आणि पास फोनमध्ये असेल तर लिफ्टच्या फाटकाशी पंचाईत होते.

मार्चमध्ये नव्या वर्षाचे दर जाहीर झाले की या मोसमात किती दिवस वर गेलात ते मोजा. तीन किंवा कमी असतील तर पुढच्या वर्षीही फोर-पॅक किंवा डे पासच घ्या. पाच किंवा जास्त असतील तर ४९ डॉलर भरून किंमत धरून ठेवा. नेमके चार असतील तर बायकोला किंवा नवऱ्याला विचारा, कारण चौथा दिवस कोणाच्या हट्टामुळे घडला ते घरातच माहीत असतं.