गाडीची युनिटं मीटरवर मोजा, स्क्रीनवर नाही

इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला किती पैसे खाते, हे गाडीच्या स्क्रीनवरून काढलं की हिशोब चुकतो. चार्ज होताना वाया गेलेली वीज तिथे दिसत नाही, बिलात दिसते.

चार्जिंगच्या पॉइंटला सबमीटर, म्हणजे फक्त त्या पॉइंटची युनिटं मोजणारा छोटा मीटर, लावून घ्या. बॅटरी पूर्ण भरली की सबमीटर आणि ओडोमीटर, दोन्हींचे फोटो काढा. पुन्हा पूर्ण भरली की परत काढा. मधली युनिटं गुणिले दर, भागिले किलोमीटर. मध्ये बाहेर कुठे चार्ज केली असेल तर ती फेरी सोडून द्या.

दर सरासरी धरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३००, ५०० युनिटांचे स्लॅब, म्हणजे वापर वाढेल तसे दर वाढणारे टप्पे, आहेत. गाडीची युनिटं घरच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना वरच्याच स्लॅबचा दर धरा. (माझा उत्साह इथे जरा उतरला.)

एक्स्टेंशन बोर्डावर मात्र चार्जिंग नको. अर्थिंगवाला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंटच हवा.