अल्टरनेटर पुन्हापुन्हा जळतोय? या चुका टाळा

चिपळूणला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा झेन घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा एकच तक्रार सांगतो : ‘वर्षात तिसरा डायनामो टाकला, हल्ली माल चांगला मिळत नाही.’ गाडी चालू असताना वीज पुरवणाऱ्या अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनामोच म्हणतात. माल कधीकधी वाईट असतोही. पण एकाच गाडीत तीन अल्टरनेटर जळले असतील, तर चौथ्याला पैसे घालण्याआधी गाडी तपासा.

पहिली गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग होतंय का’ बघू नका. जुन्या फियाट-अँबॅसिडरच्या डायनामोवर हे खपून जायचं, कारण त्यात डायोडच (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) नसत. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात आणि कटआउटही (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) इलेक्ट्रॉनिक असतो. टर्मिनल उचललं की बॅटरीत जाणाऱ्या करंटला एकदम वाट उरत नाही. आत फिरणाऱ्या रोटरचं चुंबकत्व मात्र त्या क्षणी विझत नाही. मग व्होल्टेज क्षणभर ४०-५०च्याही वर उसळतं आणि डायोड किंवा कटआउट दुखावतो. वाईट म्हणजे तो लगेच मरेलच असं नाही. गाडी घरी जाते, पंधरा दिवसांनी चार्जिंग बंद पडतं आणि दोष मालावर जातो. ही ‘टेस्ट’ करणारी नवी मुलं बघितली की जीव तुटतो. व्होल्ट मोजायचा मीटर लावायला दोन मिनिटं लागतात, तेवढा धीर त्यांना नसतो.

आता गुहागरहून आलेल्या एका मारुती ८००ची गोष्ट. मालक शिक्षक होते. चौदा महिन्यांत तीन अल्टरनेटर बसवून झाले होते, त्यातला एक कोरा. बोलताबोलता त्यांनी सांगितलं की याच काळात एक्सिलरेटरची केबलही दोनदा बदलली, आतलं प्लॅस्टिक वितळून ती अडकायची. मी तिथेच थांबलो. केबल उगाच वितळत नाही.

हेडलाइट आणि ब्लोअर लावून मीटर धरला. अल्टरनेटरच्या मोठ्या नटापासून (जिथून बॅटरीकडे वायर जाते) त्याच्याच बॉडीपर्यंत १४.३ व्होल्ट. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मात्र १३.१. मधले १.२ गेले कुठे? नटापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.१५, म्हणजे ती वायर ठीक. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.०५! इथे ०.२ पेक्षा जास्त आलं की मी पुढे जात नाही. खाली वाकून पाहिलं, तर इंजिनला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी खारट हवेने हिरवी पडलेली आणि चार-पाच तारांवर लोंबत होती.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याचं अर्थिंग त्या पट्टीवरच अवलंबून. पट्टी गेली की सेल्फचा करंट एक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, म्हणून केबल तापत होती. आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात पट्टी क्षणभर सुटली, की वर सांगितलेली टर्मिनल काढायची ‘टेस्ट’ आपोआप होत होती. गुहागर ते चिपळूण किती खड्डे लागतात ते रोज जाणाऱ्याला विचारा. आधीचे अल्टरनेटर तिथेच मेले.

जाड वायरची नवी पट्टी बसवली. बसायची जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, नट आवळला आणि मगच वरून ग्रीस लावलं. ग्रीस आधी लावणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. गाडीतल्या अल्टरनेटरचा फक्त कटआउट बदलला. तोच अल्टरनेटर अजून चालतोय.

दुसरी नेहमीची चूक बॅटरीची. अल्टरनेटर म्हणजे चार्जर नव्हे. बॅटरी पूर्ण बसलेली असताना गाडी धक्का मारून चालू करायची आणि ‘रस्त्यात होईल चार्ज’ म्हणायचं, यात डायोड प्लेट भाजून निघते. बॅटरी रात्रभर चार्जरवर लावा. सकाळी चार्जर काढून दोन तासांनी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. साडेदहा व्होल्टवर अडली असेल तर बहुधा एक सेल मेलाय, आधी बॅटरी बदला.

हेडलाइटमध्ये ६०/५५ वॅटच्या जागी १००/९०चे बल्ब टाकू नका. जोडीला साधारण ९ अँपियर लागायचे, तिथे हायबीमवर १५ जातात.

फॅन बेल्ट तारेसारखा ताणला की पुढचं बेअरिंग जातं. अंगठ्याने मध्ये दाबल्यावर सेंटीमीटरभर दबला पाहिजे.

टॅपेट कव्हरमधून ऑईल गळून अल्टरनेटरवर येत असेल तर आधी पॅकिंग बदला. इंजिन धुताना अल्टरनेटरवर पिशवी बांधा.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागत नसेल, तर अल्टरनेटर खोलण्याआधी तो बल्ब बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागा करणारा पहिला करंट त्याच बल्बमधून जातो.

काम झाल्यावर थंड इंजिनवर १४ व्होल्ट दिसले म्हणून गाडी देऊन टाकायची नाही. मी अर्धा तास फिरवून आणतो, मग सगळे दिवे लावून पुन्हा मोजतो आणि दोन्ही आकडे तारखेसह बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहितो. गुहागरच्या त्या गाडीत ती चिकटपट्टी अजून आहे. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय : दर मे महिन्यात अर्थिंग काढून घासणे.